रात्रीची फरशी दिवसा पुसली तर?

जागरणवाला
वडिलांच्या उशाशी अकरा रात्री काढल्या. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, तक्रार त्या एका रुग्णालयाची नाहीच. पहाटे तीनच्या सुमारास एक बाई यायच्या. खाटेचे कठडे, सलाईनचा स्टँड, दाराची मूठ, बेलचं बटण पुसून न बोलता निघून जायच्या. पाचव्या रात्री त्यांना भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलकी लागलेली दिसली. सकाळी भेटायला येणारे म्हणायचे, "स्वच्छता मात्र छान आहे हं इथे." जणू ती आपोआप होते, करणारी बाई कुणाला दिसतच नाही.

माझं म्हणणं एवढंच, की जी सफाई दिवसा होऊ शकते ती दिवसाच करा. ओपीडी, कार्यालयं, जिने रात्री पुसून घेतात, कारण आपल्या पायात बादली यायला नको. किंमत मोजायची त्यांच्या शरीराने. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या पाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. २०१९ मध्ये रात्रपाळीबद्दल पुन्हा तेच.

वॉर्डातली
भावना पोचल्या, पण वॉर्ड असा चालत नाही. रात्री अकराला खाट रिकामी झाली आणि बाराला दुसरा रुग्ण आला, तर मधल्या तासात गादीपासून कठड्यापर्यंत सगळं पुसून व्हायलाच हवं. आधीच्या रुग्णाचा जंतुसंसर्ग त्याच खोलीत येणाऱ्या पुढच्याला लागू शकतो, काही जंतू कोरड्या पृष्ठभागावर महिनोन्महिने तग धरतात. शिवाय जंतुनाशक लावून लगेच कोरडं करायचं नसतं, ठरलेली मिनिटं ते ओलं राहावं लागतं. दुपारी भेटीच्या वेळेत ओल्या फरशीवर कोण थांबतं? घसरून पडणारेच जास्त.

जागरणवाला
ताई, वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटर मी सोडूनच बोलतोय. कार्यालयाची टेबलं रात्री पुसायची काय गरज आहे?

रोखठोक
पहारेकरी, ड्रायव्हर, नर्स, पोलीस सगळेच रात्री जागतात. सफाईवाल्यांसाठीच वेगळे अश्रू का? काम आहे, पगार आहे. पगार कमी असेल तर त्यावर बोला. 'दिसणं' वगैरे पोट भरलेल्यांचे चोचले. करोनात टाळ्या वाजवल्याच की लोकांनी. कुणाचं काय बदललं?

धाकटी
टाळ्यांबद्दल रोखठोक यांच्याशी सहमत. बाकी नाही.

माझ्या आईने एकोणीस वर्षं रुग्णालयात रात्रपाळी केली. ती पाळी तिने मागून घेतली होती. दिवसा आम्ही दोघी बहिणी घरी, सांभाळायला दुसरं कुणी नाही. त्यात रात्रीचा भत्ता. जागरणवाले काका, तुमची सूचना मान्य झाली असती तर आमचा भत्ता आधी गेला असता. तिची झोप म्हणजे सकाळी दोन तास आणि दुपारी दीड, तीही दाराची कडी वाजेपर्यंत. आम्ही भांडीसुद्धा खाली ठेवताना आवाज होऊ द्यायचो नाही. आजही माझ्या हातून ताट आपटलं की मीच दचकते.

पण तिला रात्र आवडायचीही. ओरडणारा साहेब नसतो म्हणायची. हे कुठल्या अहवालात बसवणार?

एकदा कचऱ्याची पिशवी बांधताना तिला सुई टोचली. सुई त्या पिशवीत असायलाच नको होती. हेपटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई लस न घेतलेल्याला टोचली तर शंभरातल्या तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते. एचआयव्हीची शक्यता त्या मानाने बरीच कमी, हजारात साधारण तीन. आईचे लसीचे दोन डोस झाले होते, तिसरा सहाव्या महिन्यात होता. मधे ठेकेदार बदलला, जुनी वही त्याच्याबरोबर गेली. नवा म्हणाला, आमच्याकडे नोंद नाही. नशिबाने काही झालं नाही. पण पुढचे सगळे महिने ती स्वतःचा पेला वेगळा ठेवायची.

वॉर्डातली
धाकटी, हे वाचून गप्प झाले. रोखठोक, फरक इथे आहे. पाळी बदलताना आम्ही नर्स एकमेकींना प्रत्येक खाटेची माहिती देतो. मावशींना कुणी सांगत नाही की सात नंबरला काय झालंय. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे जुलाब असतील तर त्याचे बीजाणू, म्हणजे कवचातली चिवट रूपं, अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत, क्लोरीनवालं द्रावण लागतं. सांगितलंच नाही तर त्या नेहमीचं फिनेल वापरणार आणि उद्या सापडणार मात्र त्याच. खरं सांगायचं तर मीही कित्येकदा सांगितलेलं नाही. घाईत 'मावशी' म्हणून हाक मारते आणि त्यांचं नाव हजेरीपटावर शोधावं लागतं.

रोखठोक
हे पटलं. ही कामाची गोष्ट झाली. माहिती द्या, डोस पूर्ण करा, ठेका बदलला तरी वही त्या माणसाजवळ राहू द्या. त्याला अश्रू लागत नाहीत.

जागरणवाला
अश्रूंशिवाय एवढी वर्षं कुणी केलं नाही, त्याचं काय? बरं, माझी दिवसाची सूचना थोडी मागे घेतो. भत्ता न कापता, आणि ज्याला हवी त्यालाच दिवसपाळी, एवढी दुरुस्ती करून.

धाकटी
आत्ताच आईला हा धागा वाचून दाखवला. म्हणाली, "दिवसा पुसलं की पाठोपाठ चपला येतात. रात्री पुसलेलं निदान सहापर्यंत तरी टिकायचं."