शाळेच्या लेझीम-नाचाला सामान द्यायचंय, काय द्यावं?

प्रश्न: गावच्या झेडपी शाळेत बाई पोरांचं लेझीम आणि कोळीनृत्य बसवतात, पण गॅदरिंगला ड्रेस भाड्याने आणावे लागतात आणि ज्यांना भाडं परवडत नाही ती पोरं बघत बसतात, हे बघवत नाही. आम्ही माजी विद्यार्थी मिळून सामान देणार आहोत. काय घेऊ?

— आधी बाईंना विचारा. जुन्या नऊवारी गावातच मिळतील, पण त्या शिवून घ्या, मग पाचवीतली पोरगी पण पटकन घालते. कंबरेला नाडी ठेवा, पुढच्या वर्षी दुसऱ्या पोरीला बसते.

— लहान पोरांना लेझीम हलकी घ्या हो, जड असली की मनगट दुखतं आणि ठेका चुकतो. हलगी एक तरी पाहिजेच. घुंगरं दोरीत ओवलेली घ्या, तुटली तर शाळेतच परत ओवता येतात.

— दादा, सामान शाळा व्यवस्थापन समितीला सांगून द्या आणि जडसंग्रह रजिस्टरला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा, नाहीतर बाईंची बदली झाली की सामानाची पेटी कुठे गेली कोणालाच ठाऊक नसतं. आणि वस्तू दिल्या तर देणगीवरची आयकर सूट मिळत नाही, ती पैशाच्या देणगीलाच असते.