गाडीचा रंग बदलला तरी आरसीत (नोंदणी प्रमाणपत्रात) नोंद हवीच
"रंगाला कोण विचारतंय, पोलीस फक्त सायलेन्सर बघतात" हे गाडीत बदल करण्याबद्दल इथे कोणीतरी लिहिलेलं म्हणणं पटलं नाही. आरसीवर रंगाचा वेगळा रकाना असतो. मी काळ्या बुलेटला मिलिटरी हिरवा मारला आणि नोंद राहूनच गेली. चार वर्षांनी विकायला काढली, तेव्हा आरटीओच्या इन्स्पेक्टरने आरसी टाकीशेजारी धरून पाहिली आणि ट्रान्सफर तिथेच अडलं. गिऱ्हाईक बयाणा परत घेऊन गेलं. फार जिव्हारी लागलं.

बदललेला सायलेन्सर पोलीस बघतात याबद्दल सहमत, पण अशा बदलांच्या दंडाचा आकडा कोणी लिहिला नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि हा दंड गाडीमागे नाही, प्रत्येक बेकायदा बदलामागे आहे. गॅरेजवाला हे सांगत नाही.