मदत हवी आहे: लेखाची नेमकी कोणती प्रत रिपॉझिटरीत ठेवता येते?

नमस्कार मंडळी,

आमचा एक शोधनिबंध नुकताच प्रसिद्ध झाला. जर्नल वर्गणीचं, त्यामुळे ज्यांच्या लायब्ररीने वर्गणी भरलेली नाही त्यांना गोषवाऱ्यापुढे काही दिसत नाही. लेख खुला करायला प्रकाशक जी फी मागतो ती आमच्या आवाक्यातली नाही. म्हणून आपणच तो एखाद्या खुल्या रिपॉझिटरीत (लेख सगळ्यांना वाचता येतील असा ऑनलाइन साठा) ठेवावा असं चाललंय.

हाताशी तीन फायली आहेत: पहिल्यांदा पाठवलेली, परीक्षकांच्या सूचनांनंतर सुधारून स्वीकारली गेलेली वर्डमधली, आणि जर्नलच्या मांडणीतली पीडीएफ. सहलेखकाचं म्हणणं, "लेख आपला, टाक सरळ पीडीएफ." पण करारात कॉपीराइट प्रकाशकाला दिलाय. वर कलम असं की स्वीकारलेली प्रत १२ महिन्यांनंतर 'लेखकाच्या संस्थेच्या रिपॉझिटरीत' ठेवता येईल. आमच्या संस्थेला रिपॉझिटरीच नाही! मग झेनोडो (कुठल्याही संस्थेच्या संशोधकाला वापरता येणारी खुली रिपॉझिटरी) चालेल का? १२ महिने कधीपासून धरायचे? लायसन्स कोणतं निवडू? रिसर्चगेटवर, त्या संशोधकांच्या सोशल साइटवर, तर लोक बिनधास्त पीडीएफ चढवतात.

प्रतिसाद १

लोक चढवतात म्हणून परवानगी असते असं नाही. रिसर्चगेट ही खाजगी कंपनी आहे आणि बऱ्याच प्रकाशकांचे नियम व्यावसायिक साइटना वेगळे असतात. पीडीएफ तर विसराच, ती मांडणी प्रकाशकाची. तुमच्या कामाची ती वर्डची फाईल.

आधी ओपन पॉलिसी फाइंडरवर (जर्नलांचे असे नियम शोधायची साइट, पूर्वीचं शेर्पा रोमियो) जर्नलचं नाव टाकून बघा. कोणती प्रत, कुठे, किती काळाने, हे तिथे प्रतीनुसार वेगवेगळं दिलेलं असतं. तरी तुम्ही सही केलेला करारच शेवटी धरायचा. एम्बार्गो, म्हणजे प्रत खुली करण्याआधी थांबायची ती १२ महिन्यांची मुदत, बहुधा प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजतात, स्वीकृतीच्या नव्हे. पण कलम नीट वाचा. झेनोडोबद्दल प्रकाशकाला सरळ ईमेल करा, "संस्थेची रिपॉझिटरी नाही, ना-नफा रिपॉझिटरी चालेल का?" आणि उत्तर जपून ठेवा.

प्रतिसाद २

वरच्यात थोडी भर. होकार आला तर वर्षभर थांबायची गरज नाही. झेनोडोवर आत्ताच नोंद करून फाईलला एम्बार्गोची तारीख देता येते. शीर्षक-गोषवारा लगेच दिसतो, फाईल त्या तारखेला आपोआप खुली होते.

लायसन्सच्या बाबतीत मात्र घाई नको. कॉपीराइट तुमच्याकडे नसताना सीसी बाय (श्रेय देऊन कोणालाही वापरू देणारं खुलं लायसन्स) लावायचा हक्कही तुमचा नाही. प्रकाशकाने एखादं ठरवून दिलं असेल तर तेच. पहिल्या पानावर 'ही स्वीकारलेली प्रत आहे' असं लिहून जर्नलचं नाव आणि मूळ डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) द्या, म्हणजे संदर्भ देणारे मूळ लेखाचाच देतील. सहलेखकांची संमतीही लेखी घ्या.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, ईमेल टाकतो. एक उपप्रश्न: प्रूफच्या (प्रसिद्धीआधी तपासायला येणारी मांडणी केलेली पानं) वेळी एका तक्त्याचं शीर्षक बदललं, ते वर्डमध्ये नाही. हाताने बदलू का?

प्रतिसाद २

खुशाल बदला, मजकूर तुम्हीच लिहिलेला आहे. फक्त प्रूफची पानं कापून चिकटवू नका.