हाताला कळणारं बटण आपण का घालवतोय?

भातुकली

आईनं पन्नास वर्षं गॅसवर स्वयंपाक केला. मार्चमध्ये आम्ही तिच्यासाठी इंडक्शनची शेगडी आणली. काळी गुळगुळीत काच, कडेला सहा खुणा, कुठेही उंचवटा नाही. दुकानदार म्हणाला, "आजी, एकदम सोपी आहे, नुसतं बोट लावायचं." दुसऱ्याच आठवड्यात दूध उतू गेलं. आई शेगडीसमोरच उभी होती. कणकेच्या हातानं ती बंद करायची खूण पुन्हा पुन्हा दाबत होती आणि शेगडी दाद देत नव्हती. तोवर दूध खुणांवर पसरलं आणि शेगडी नुसतीच टीं टीं वाजायला लागली. शेवटी मी धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. आई ओटा पुसता पुसता म्हणाली, "मलाच आता जमत नाही गं." मला हे फार लागलं. कारण चूक तिची नव्हती.

काचेखाली एक बारीक विद्युतक्षेत्र असतं. बोट जवळ आलं की ते बदलतं आणि यंत्राला 'दाबलं' असं कळतं. पण पाण्याचा थर आला तरीही ते बदलतं. म्हणजे ओला हात, कणकेचा हात, सांडलेलं दूध, असं स्वयंपाकघरात जे रोजच असायचं, तेच या रचनेला चालत नाही. गॅसच्या नॉबाचं यातल्या कशानं अडत नव्हतं. नॉब कुठवर वळलाय हे न बघता हाताला कळतं, आणि बघितलं तर पलीकडच्या खोलीच्या दारातूनही दिसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जी क्रिया घाईत, न बघता, ओल्या किंवा थरथरत्या हातानं करावी लागते, तिला स्वतःची जागा आणि स्वतःचा आकार हवा. 'बंद कर' ही त्यातली पहिली. टायमर, इडली, खिचडी वगैरे खुशाल काचेवर जाऊ दे.

गोष्ट फक्त स्वयंपाकघराची नाही. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० नौसैनिक गेले. तिचं सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवर होते. फक्त वेगाचं नियंत्रण दुसऱ्या जागेवर द्यायचं होतं, पण नकळत सुकाणूही तिकडे गेलं. चालवणाऱ्याला वाटलं, सुकाणूच निकामी झालं. मग वेग कमी करायला गेले तर दोनपैकी डाव्या बाजूच्याच पंख्याचा कमी झाला आणि जहाज डावीकडे वळलं. हातात दोन दांडे असते तर एकच मागे आलाय हे हाताला कळलं असतं. २०१९ मध्ये नौदलानं वेगासाठी पुन्हा हातानं ओढायचे दांडे बसवायचं ठरवलं.

तुम्हाला काय वाटतं?

बिनचूक

ताई, मी चौदा वर्षं घरगुती उपकरणांच्या डिझाइनचं काम करतोय. तुमच्या आईंना झालेला त्रास खरा आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही.

नॉब म्हणजे पॅनेलला भोक. त्या भोकातून आमटी जाते, तेलाची वाफ जाते, झुरळं जातात. कोकणात खाऱ्या हवेनं आतले कॉन्टॅक्ट गंजतात. इंडक्शनच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स आहे, तिथे ओलावा गेला की यंत्र दुरुस्तीला जातं. अखंड काच एका फडक्यानं पुसून होते. ज्या बाईला दिवसातून तीनदा ओटा आवरायचा असतो, तिला विचारा याची किंमत.

भाषेचंही बघा. छापलेली बटणं वर्षानुवर्षं इंग्रजीतच आली. 'डिफ्रॉस्ट'चं बटण कित्येक घरांत एकदाही दाबलं गेलेलं नाही. पडदा आला म्हणून मराठीत सूचना देता येतात, अक्षर मोठं करता येतं, चूक झाली तर नंतर सुधारता येते. छापलेलं बटण कायमचं.

आणि मॅकेनचं उदाहरण अर्धं दिलंत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं त्या अपघाताचं मूळ अपुरं प्रशिक्षण आणि नौदलाच्या ढिल्या देखरेखीत सांगितलं आहे. नीट न शिकवता दांडा हातात दिला तरी माणूस चुकतो.

घाटवाट

बिनचूक, पुसायच्या सोयीचं मान्य. पण गाडीत काय पुसायचंय?

गेल्या पावसाळ्यात ताम्हिणी उतरत होतो. धुकं, पाऊस, समोरची काच आतून वाफेनं भरलेली. जुन्या गाडीत हात आपोआप जायचा त्या बटणावर. नव्या गाडीत वाफ घालवायची सोय पडद्याच्या तिसऱ्या पानावर. ती शोधताना मी वळणावर किती सेकंद रस्त्याकडे बघत नव्हतो, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. शेजारी मुलगी बसली होती.

२०२२ मध्ये एका स्वीडिश मासिकानं चाचणी घेतली होती. ताशी ११० किलोमीटर वेगात रेडिओ बदलणं, गरम हवा लावणं अशी चार साधी कामं. बटणांच्या २००५ सालच्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. नव्यांपैकी सगळ्यात वाईट गाडीला ४४.६ सेकंद लागले, म्हणजे १३७२ मीटर! आता गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेनं २०२६ पासून पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॅझर्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक यांना खरी बटणं किंवा दांडे मागितले आहेत.

चाकणचा ऑपरेटर

मी सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर आहे, नऊ वर्षं झाली. आमच्या नवीन मशीनला मोठा टच पडदा आलाय आणि तो चांगला आहे. प्रोग्रॅम बघायला, टूलचे ऑफसेट टाकायला, अलार्म कशाचा आला ते वाचायला. आधी अलार्मचा नंबर घेऊन पुस्तकात शोधावं लागायचं.

पण फीडचा (टूल पुढे सरकायच्या वेगाचा) नॉब, टूल हातानं सरकवायचं हँडव्हील आणि मशीन तिथल्या तिथे थांबवायचं लाल इमर्जन्सी बटण, यातलं काही कुणी काढलं नाही, आणि काढलं तर त्या मशीनवर मी उभा राहणार नाही. पहिला जॉब काढताना माझे डोळे टूलच्या टोकावर असतात. एक हात फीडच्या नॉबवर. टूल जॉबजवळ आलं की नॉब हळूहळू कमी करत आणायचा, आवाज बदलला की शून्यावर. हात कूलंटनं ओला असतो. हँडव्हील गुणिले दहावर ठेवलं की एका खाचेला शतांश मिलिमीटर. ती खाच बोटांना 'कट' अशी लागते आणि आपण मोजत जातो, एक, दोन, तीन. पडद्यावर आकडा दिसतो, पण तो बघायला मान वळवली तर टूल ठोकलाच समजा.

इमर्जन्सी पण अशी की तळहातानं, कोपरानं, कशीही दाबली जाते. सोडवायला मात्र फिरवावी लागते. बंद करायला सोपी, चालू करायला मुद्दाम अवघड. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा ठरवलं असेल त्याला माझा नमस्कार आहे.

दूरदेशी

सगळे 'सहज' म्हणताय ते मुळात सवयीचं आहे, आणि हे मी नव्या देशात येऊन शिकलो. आपल्याकडे बटण खाली केलं की दिवा लागतो. इथे अमेरिकेत वर केलं की लागतो. आठ वर्षं झाली, झोपेत उठलो की हात अजून उलटाच चालतो. दोन्हीकडच्या लोकांना आपलंच बटण 'नैसर्गिक' वाटतं.

आणि ज्या गॅसच्या नॉबाचं एवढं कौतुक चाललंय तो बघा. शून्याच्या शेजारी थेट सगळ्यात मोठी आच, आणि आणखी फिरवत नेलं की बारीक. वाढवायला फिरवावं तर कमी होतं! कुठल्याही मुलाला पहिल्यांदा शिकवताना हे सांगावं लागतं. आईंना तो सहज वाटतो कारण पन्नास वर्षं वापरला.

उलट टचस्क्रीन कुणी शिकवावा लागत नाही. आमच्या गावाकडच्या आत्यानं आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता. आज ती माझा फोटो दिसला की त्यावर बोट ठेवते आणि मी तिच्यासमोर असतो. जे हवंय त्यालाच हात लावायचा, यापेक्षा सोपं काय असणार?

भातुकली

दूरदेशी, नॉबच्या उलटेपणाचं अगदी बरोबर, मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं. पण मग एक फरक करूया. *शिकायला* सोपं आणि *करायला* सोपं. आत्याबाईंना फोन लागायला दोन सेकंद उशीर झाला तर काही जळत नाही.

आणि सगळी बटणं चांगली असंही मी म्हणत नाही. आपल्या भिंतीवरचा बोर्डच घ्या, सहा सारखी बटणं एका ओळीत. पंख्यासाठी हात घालावा आणि ट्यूब विझावी, हे प्रत्येक घरात होतं. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर चुकून चाकंच आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. सगळे म्हणायचे, वैमानिकाची चूक. अल्फॉन्स शापानिस या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिट पाहिलं तर चाकांचं आणि फ्लॅप्सचं (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपांचं) बटण शेजारी शेजारी आणि अगदी सारखं. त्यानं एकाला छोटं रबरी चाक लावलं, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. चूक थांबली. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याचं टोक चाकाच्याच आकाराचं असतं. हाताला नाव वाचता येत नाही, आकार वाचता येतो.

शाळामास्तर

शिक्षक असल्यानं निवडणुकीची ड्युटी चुकली नाही. मतदान यंत्राबद्दल राजकारण बाजूला ठेवून फक्त रचनेचं बोलतो. आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांचा त्यात हात होता. एका ओळीत नाव, चिन्ह आणि निळं बटण. दाबलं की लाल दिवा आणि लांब आवाज. तो आवाज मतदाराला, आम्हाला, रांगेतल्या माणसालाही ऐकू जातो. शेजारी व्हीव्हीपॅटमध्ये चिठ्ठी सात सेकंद दिसते. अक्षर न येणारी म्हातारी आत जाऊन एकटी मत देऊन येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि दर वेळी मला भरून येतं.

पण एक गोष्ट बटणवाल्यांच्या विरुद्ध जाणारी सांगतो. बरेच जण निळं बटण सोडून चिन्हावरच बोट दाबत राहतात आणि सांगतात, "यंत्र चालंना." म्हणून आमच्याकडे पुठ्ठ्याचा नमुना असतो, त्यावर आधी दाखवतो. दूरदेशी म्हणतात ते खोटं नाही. माणसाचा हात चित्राकडे जातोच.

कानोसा

मी जन्मापासून पाहू शकत नाही. त्यामुळे काच चांगली की बटण, याचं उत्तर माझ्याकडे थोडं निराळं आहे.

माझा फोन म्हणजे निव्वळ काच आहे आणि माझ्या आयुष्यात त्याच्याइतकं स्वातंत्र्य दुसऱ्या कुठल्या यंत्रानं दिलेलं नाही. बोट फिरवलं की खाली काय आहे ते तो बोलतो. फिरवल्यानं काही होत नाही. हवं ते सापडलं की कुठेही दोनदा टॅप केलं की उघडतं. आयफोनमध्ये हे २००९ पासून आहे, अँड्रॉइडवर टॉकबॅक आहे.

आता माझ्या घरातलं काचेचं वॉशिंग मशीन. बहिणीनं उठावाचे ठिपके चिकटवून दिले. ठिपका शोधायला बोट फिरवलं की वाटेतली प्रत्येक खूण दाबली जाते! जुन्या मशीनवर हेच ठिपके छान चालायचे, कारण तिथे बटण चाचपता यायचं आणि मग दाबता यायचं. या काचेवर शोधणं आणि दाबणं यात फरकच उरला नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दुकानातली काचेची कार्ड मशीन. जुन्या मशीनवर पाचच्या आकड्यावर उंचवटा असायचा, त्यावरून मी पिन टाकायचो. आता अनोळखी माणसाला पिन सांगावी लागते. ही सोयीची गोष्ट नाही, माझ्या पैशांची आहे.

बिनचूक, तुमच्या चाचण्यांना डोळे मिटून कुणी बसतं का?

बिनचूक

कानोसा, नाही बसत. शोधणं आणि दाबणं, हा फरक मी इतक्या वर्षांत असा शब्दांत मांडलेला ऐकला नव्हता. उद्याच्या बैठकीत हे वाक्य तुमच्याच शब्दांत सांगणार आहे.

नॉब मात्र मी परत आणणार नाही, आत जाणाऱ्या ओलाव्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. पण काच अखंड ठेवूनही बंद करायच्या जागी खोलगट वाटी देता येते, ती खूण इतरांपासून चार बोटं लांब नेता येते आणि खुणांवर काही सांडलं तर नुसतं वाजण्याऐवजी आच आपोआप बंद करता येते. तिसरी गोष्ट काही यंत्रांत आहे, सगळ्यांत नाही. ती सगळ्यांत हवी, हे मला मान्य.

भातुकली, एक विनंती. आईंना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय लावू नका. भांडं उतरवल्यावरही आतला पंखा थोडा वेळ चालू राहावा लागतो, नाहीतर आतले भाग तापून खराब होतात.

भातुकली

उशीर झाला. आईनं परवाच भिंतीवरच्या त्या बटणावर खड्याची टिकली चिकटवली आहे. सहा बटणांतलं ते एकच हाताला लागतं. काल डाळ वर आली तेव्हा तिनं मान न वळवता हात मागे नेला, टिकली चाचपली आणि बटण बंद केलं. पुन्हा "जमत नाही" म्हणाली नाही.

पंख्याचं मी तिला सांगेन, आणि ती ऐकेलही. पण पुढच्या वेळी दूध वर येईल तेव्हा तिनं हात कुठे न्यायचा, ते मला सांगा.