मदत हवी आहे: भाच्याचे डोळे आणि जीन थेरपी

नमस्कार मंडळी. भाचा साडेचार वर्षांचा. दिवेलागणीनंतर घरात चाचपडतो, ट्यूबलाइटकडे टक लावून बसतो आणि सारखा मुठींनी डोळे दाबतो. ताई त्यावरून ओरडायची. तेही या आजाराचंच लक्षण, हे नंतर कळलं. निदान लेबर कंजेनायटल अमोरोसिस, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा जन्मजात आनुवंशिक आजार. जनुकीय चाचणीत आरपीई६५ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत दोष निघाला. (भावजी आमचे आत्तेभाऊच. त्यावरून घरात जे रामायण झालं ते असो.)

नेमक्या याच जनुकासाठीचं लक्सटर्ना हे जीन थेरपीचं औषध अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजूर झालं. निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून चांगलं जनुक थेट डोळ्याच्या पडद्याखाली सोडतात, प्रत्येक डोळ्यात एकदाच. तिथे बाजारात आलं तेव्हाची किंमत दोन्ही डोळ्यांची मिळून ८.५ लाख डॉलर! पडद्यातल्या पेशी शाबूत असतील तरच उपयोग, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

भारतातून कुणी हा उपचार करून घेतलाय का? खर्च कसा उभा केलात? आणि एवढ्या लहान मुलाचं ओसीटी (पडद्याच्या थरांची स्थिती दाखवणारं स्कॅन) भूल न देता नीट कुठे करतात? आम्ही पुण्यात आहोत, पण हैदराबाद-चेन्नईला जायचीही तयारी आहे. "धीर धरा" ऐकून झालंय, कृपया अनुभव सांगा.