ऊस तुटला की एचडी मॅप जुळत नाही, मदत हवी

नमस्कार मंडळी,

लातूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, प्रोजेक्टसाठी रेणापूर तालुक्यातल्या एका गावरस्त्याचा एचडी मॅप बनवायलोत. म्हणजे सेल्फ ड्रायव्हिंग गाडी ज्याच्यावरून स्वतःची जागा काही सेंटिमीटरमधे ओळखते तसला नकाशा. लायडार (लेझरने आजूबाजूची अंतरं मोजणारा सेन्सर) भाड्याचा, सोबत आयएमयू (गाडीची हालचाल-वळण मोजणारा सेन्सर) आणि आरटीके जीपीएस (करेक्शन मिळालं की सेंटिमीटरमधे जागा सांगणारा), करेक्शन सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स नेटवर्कचं, म्हणजे कायमच्या जीपीएस स्टेशनांच्या जाळ्याचं. मॅप लिओ-सॅमने (लायडार आणि आयएमयूचा डेटा जोडून नकाशा बनवणारा प्रोग्राम) तयार केला, गाडीची पोझिशन ऑटोवेअर ह्या सेल्फ ड्रायव्हिंगच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधे एनडीटी मॅचिंगने काढतो, म्हणजे आत्ताचा स्कॅन नकाशाशी जुळवून.

अडचण अशी की स्कॅन दिवाळीच्या आधीचा आहे, तेव्हा दोन्ही बाजूला डोक्याच्या वर ऊस होता, मग टोळ्या आल्या, तोड झाली, आणि आता नकाशात दोन भिंती दिसतात पण रस्त्यावर मोकळं रान. त्यात रस्ता सरळसोट, घर नाही दार नाही, त्यामुळं पोझिशन पुढं-मागं लई सरकायली. आरटीके फिक्स (सेंटिमीटरची अचूकता) असेपर्यंत चालतं पण करेक्शन मोबाईल नेटवरून येतं, रेंज गेली की संपलं. आणि पुन्हा स्कॅन करूनही काय उपयोग, खोडवा फुटला की दर महिन्याला उंची बदलणार.

उंचीचा फिल्टर लावून ऊस काढला तर विजेचे खांब आणि मोरीचे कठडे पण गेले, आणि खरं तर जागेवर राहणारं तेवढंच आहे. फक्त खांब, कठडे, किलोमीटरचे दगड ठेवून बाकी क्लाउड (लायडारने टिपलेल्या बिंदूंचा ढीग) टाकून दिला तर एनडीटीला तेवढं पुरतं का? का खांबांसाठी वेगळं मॅचिंग लिहावं? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.

दुसरं, लेनलेट२ मधे (नकाशात लेन नोंदवायचा फॉरमॅट, लेनच्या एकेका तुकड्याला लेनलेट म्हणतात) डावी-उजवी कड द्यावी लागते. इथं पांढरा पट्टाच नाही, डांबराची कड तुटलेली, आणि समोरून उसाची ट्रॉली आली की मुरमाच्या साइडपट्टीवर उतरावंच लागतं. मग कड डांबराची धरायची का मुरमाची? मला वाटतं साइडपट्टी वेगळा लेनलेट म्हणून द्यावी, पण सर म्हणतात एकच दुतर्फा लेन ठेवा.

परवानगीचं बघितलंय, केंद्र सरकारच्या फेब्रुवारी २०२१ च्या नकाशे-मोजणीच्या (जिओस्पेशियल) गाइडलाइन्सनंतर आपल्याला, म्हणजे भारतीयांना, असल्या मॅपिंगसाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही.

समृद्धीवर पट्टे, बॅरिअर, बोर्ड सगळं जागच्या जागी असतं, तिथं हे काम सोपं जाईल. पण आमच्याकडची माणसं रोज ह्या असल्या रस्त्यांनी जातात, त्यांचा नकाशा जमलाच पाहिजे. कोणी बघणार असेल तर तोडीच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही क्लाउड पाठवतो.