पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा, तर मग 'एकच बाप्तिस्मा' म्हणायचं कशाला?

कोपऱ्यातला_बाक:
मी दोन महिन्यांचा असताना डोक्यावर तीनदा पाणी ओतून माझा बाप्तिस्मा झाला, मला अर्थातच काही आठवत नाही. आता ज्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जातोय तिथे सभासदत्वाचा फॉर्म भरला, 'बाप्तिस्मा झाला आहे का' समोर 'होय' लिहिलं. फॉर्म परत आला. 'होय'वर पेनाची आडवी रेघ आणि बाजूला बारीक अक्षरात 'बुडवून नाही'. आईने बाप्तिस्म्याचं ते पिवळं पडलेलं कार्ड अजून जपून ठेवलंय आणि इथे एका रेघेत विषय संपला. रेघेचं सोडा, पण हीच मंडळी प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या) रविवारी उभं राहून नायसिन क्रीड, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली, म्हणते आणि ३२५ साली निकियाच्या धर्मपरिषदेत ठरलेल्या त्या क्रीडमध्ये स्वच्छ आहे की पापांच्या क्षमेसाठी आम्ही एकच बाप्तिस्मा मानतो. मग एकतर ती ओळ म्हणू नका, नाहीतर मला परत पाण्यात उतरवू नका. माझं काही चुकतंय का?

फक्त_शास्त्र:
चुकतंय. ते दुसऱ्यांदा देतच नाहीयेत भाऊ, त्यांच्या मते पहिला झालाच नाही, त्यामुळे 'एकच'ला कुठे धक्का लागत नाही. प्रेषितांची कृत्ये २:३८ वाचा, आधी पश्चात्ताप, मग बाप्तिस्मा. दोन महिन्यांचं बाळ कसला पश्चात्ताप करणार, दूध सांडल्याचा? आणि क्रीड माणसांनी लिहिलेत, शास्त्र नाही ते.

जुना_दिवा:
आधी एक दुरुस्ती. 'एकच बाप्तिस्मा' ही ओळ ३२५ च्या मजकुरात नाहीच, तो 'आणि पवित्र आत्म्यावर' इथे थांबतो आणि पुढे वेगळं मानणाऱ्यांना नुसते शाप आहेत. आपण म्हणतो तो मजकूर ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडला जातो. नाव मात्र निकियाचंच चिकटलं.
आता शास्त्र साहेब, 'फक्त शास्त्र' तर चौथ्या शतकातला, शिकवण चुकीची ठरलेला धर्मगुरू आरियसही म्हणत होता की. नीतिसूत्रे ८:२२ दाखवून पुत्र, म्हणजे ख्रिस्त, निर्माण केलेला आहे असं सांगायचा. त्याला उत्तर द्यायला शेवटी बायबलमध्ये नसलेला शब्द घ्यावा लागला, पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे म्हणून. वचन दोघांच्याही हातात होतं, भांडण अर्थाचं होतं, क्रीड त्यासाठी असतात. बुडवण्याचं म्हणाल तर डिडाखे वाचा, अगदी सुरुवातीच्या मंडळीचं लिखाण, वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. तीनदा!

फक्त_शास्त्र:
डिडाखे पाण्याबद्दल बोलतं, बाळांबद्दल नाही. उलट बाप्तिस्म्याआधी उपास करायला सांगतं, आता बाळाला उपास घडवणार का?

जुना_दिवा:
प्रेषितांची कृत्ये १६, बंदिशाळेचा नायक आणि त्याच्या घरची सगळी माणसं, त्याच रात्री बाप्तिस्मा घेतला.

फक्त_शास्त्र:
सगळ्यांना आधी वचन सांगितलं आणि सगळ्यांनी आनंद केला असंही तिथेच आहे. पाळण्यातलं मूल कुठे दिसलं तुम्हाला? सुरुवातीच्या मंडळीतला लेखक टर्टुलियन तर सन २०० च्या सुमारास लिहितो की लहान मुलांची घाई करू नका.

जुना_दिवा:
घाई करू नका म्हणजे लोक करत होते ना.

नुसतीच_वाचक:
तुम्ही दोघं पाणी मोजत बसा. खरा प्रश्न असा आहे की तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळतं कधी. वधस्तंभावरच्या चोराला येशूने 'तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील' म्हटलं, त्याला कोणी कुठे बुडवलं? कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा आधी आला, पाणी नंतर. पण मग पेत्राच्या पहिल्या पत्रात ३:२१ ला सरळ लिहिलंय की बाप्तिस्मा तुम्हाला तारतो, आणि पुढच्याच श्वासात म्हणतो की शरीराचा मळ धुणं म्हणून नव्हे. मार्क १६:१६, 'विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतो त्याचं तारण होईल', कोणी आणायच्या आधीच सांगते, मार्कच्या शेवटच्या बारा ओळी सर्वात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, आणि त्या ओळीतही दोषी कोण ठरतो तर विश्वास न ठेवणारा, बाप्तिस्मा न झालेला असं नाही म्हटलेलं.
पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला, मोठ्या, विचारी बाई, कोणी कडेवर घेऊन नेलं नव्हतं. तरी त्यांनीच पुढे लिहिलं की आठ वर्षांनी कळलं, ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. मग त्यांना परत पाण्यात उतरायला सांगायचं का? अक्कल येण्याचं वय हा निकष लावला तर तो मोठ्यांनाही पुरत नाही.

फक्त_शास्त्र:
रमाबाईंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे ताई, नुसत्या विधीने काही होत नाही.

नुसतीच_वाचक:
बुडवणं हाही विधीच आहे हो.

तिसरी_घंटा:
मी कॅथलिक, आमच्याकडे स्नानसंस्कार म्हणतात. बाळाने काहीही केलेलं नसताना मिळतं म्हणून तर ती कृपा, इफिसकरांस २:८ तुम्हीच पाठ करता ना, 'हे देवाचे दान आहे'. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या लूथरनेही बाळांचा बाप्तिस्मा सोडला नाही. झुरिचमध्ये १५२७ साली फेलिक्स मांट्झला नदीत बुडवून मारलं ते पुन्हा बाप्तिस्मा देतो म्हणून, आणि मारणारं शहर प्रोटेस्टंट सुधारणावादी होतं, तेव्हा हात कोणाचेच स्वच्छ नाहीत, आमचे तर नाहीतच. पण धागाकर्त्याला सांगते, पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे नाव असेल तर प्रोटेस्टंट बाप्तिस्मा आम्ही ग्राह्य धरतो, परत देत नाही. १९९९ मध्ये लूथरन आणि कॅथलिकांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो यावर संयुक्त घोषणापत्रही केलं. म्हणजे ज्यांच्याशी पाचशे वर्षं भांडण ते तुमचं कार्ड मानतात, आणि शेजारच्या बाकावरचे रेघ मारतात.

फक्त_शास्त्र:
घोषणापत्राने मतभेद मिटले असं त्यातच म्हटलेलं नाही. आणि रेघ मारायची पद्धत वाईट होती हे मला मान्य, पाळकांनी बसून बोलायला हवं होतं. तरी भाऊ, तुम्ही स्वतः कधी 'मी विश्वास ठेवतो' म्हणालात?

कोपऱ्यातला_बाक:
म्हणालो ना, सोळाव्या वर्षी दृढीकरणाला, म्हणजे मोठं झाल्यावर विश्वास स्वतः कबूल करायच्या विधीला, सगळ्यांसमोर, पाय लटपटत होते. फॉर्ममध्ये त्याला रकानाच नाही. ३८१ ची चूक मान्य, धन्यवाद जुना दिवा. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, क्रीड त्या ओळीपाशी आलं की मी पुस्तकात न बघता पाळकांकडे बघणार आहे.

फक्त_शास्त्र:
बघा. पण आधी फोन करा त्यांना.